अँबेसेडरचा बिननावाचा सीबी पॉइंट सेट: पॉइंट घ्या, कंडेन्सर पारखून लावा

1489 सीसीच्या जुन्या पेट्रोल अँबेसेडरसाठी स्पेअर पार्टच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत, नाव-गाव नसलेला एक सेट मिळतो. त्यात सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टिकल्यांची जोडी), कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी आवरणारा), बारीक स्क्रू आणि कधीकधी रोटरही (प्लगकडे करंट वाटणारा फिरता तुकडा) असतो. हा सेट घ्यावा का, असं बरेचजण विचारतात. पॉइंट चालतील, पण नीट बसवले तरच. कंडेन्सर मात्र मोजल्याशिवाय लावू नका. रोटर परत पिशवीत टाका.

पॉइंट बसवण्याआधी उजेडाकडे धरून बघा. दोन्ही टिकल्या एकमेकींवर सपाट बसायला हव्यात. या सेटमध्ये बऱ्याचदा एक टिकली किंचित खाली असते आणि फक्त कडेला चिकटते. अशा वेळी स्थिर बाजूची पट्टी नाकपक्कडीने हलकेच वाकवून जुळवावी. हलती बाजू वाकवायची नाही, तिच्या स्प्रिंगचा ताण बिघडतो. हा ताण 18 ते 24 औंस, म्हणजे साधारण 510 ते 680 ग्रॅम हवा. सैल स्प्रिंग असली की वरच्या स्पीडला पॉइंट तरंगतात आणि गाडी मिसिंग करते. नव्या टिकल्यांवर गंजू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो पेट्रोलच्या फडक्याने पुसला नाही, तर करंट पोचतच नाही आणि दोष उगाच कॉइलवर जातो.

जुन्या पद्धतीचा दोन तुकड्यांचा सेट असेल तर फायबरच्या वॉशरचा क्रम काढतानाच लक्षात ठेवा. कॉइलकडून येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर, दोन्ही स्प्रिंगला टेकल्या पाहिजेत, पण डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) बॉडीला कुठेही नाही. एक वॉशर उलटसुलट झाला की पॉइंट कायमचे अर्थ होतात, म्हणजे बॉडीला जोडलेलेच राहतात. मग स्टार्टर कितीही फिरवा, स्पार्क येणार नाही.

गॅप 0.35 ते 0.40 मिमी. हँडल घालून इंजिन फिरवा आणि हलत्या पॉइंटची फायबरची टाच डेल्कोच्या शाफ्टवरच्या कॅमच्या कोपऱ्याच्या अगदी टोकावर आली की फीलर गेजची (गॅप मोजायची) पाती घाला. पाती जाताना हलकी घासली पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर गॅप कमी आहे. स्क्रू आवळताना पॉइंट हमखास सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचं. नवी टाच सुरुवातीला लवकर झिजते आणि गॅप कमी होतो. म्हणून नवा सेट 0.40 वर ठेवावा आणि 500 किलोमीटरनंतर परत बघावा. कॅमवर ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. जास्त झालं तर ते उडून टिकल्यांवर जातं आणि काळा थर धरतं.

जुन्या पॉइंटवर पाती वापरून फसगत होते ती अशी. एका टिकलीवर टेंगूळ आलेलं असतं आणि समोरच्या टिकलीत तेवढाच खड्डा. सपाट पाती टेंगळावर टेकते, त्यामुळे मापात 0.40 दिसतं आणि खरा गॅप त्याहून बराच जास्त असतो. अशा ठिकाणी ड्वेल मीटरच (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा) खरं सांगतो: 60 अंश, तीनाने इकडेतिकडे चालेल. असे टेंगूळ-खड्डे फार लवकर पडत असतील, तर संशय कंडेन्सरवर घ्यायचा.

म्हणूनच या सेटमधल्या कंडेन्सरबद्दल सावध राहा. त्याची क्षमता 0.18 ते 0.24 मायक्रोफॅरडच्या आसपास हवी. मल्टिमीटरवर मोजायला मिनिटही लागत नाही. थंड असताना बरोबर दाखवणारा कंडेन्सरही इंजिन तापल्यावर दगा देऊ शकतो. तेव्हा पॉइंटमध्ये मोठी निळी ठिणगी उडते आणि प्लगला दुबळा स्पार्क जातो. गाडीतला जुना कंडेन्सर चांगला असेल तर नव्याच्या मोहात पडू नका, जुनाच ठेवा. रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असेल, तर त्या रिव्हेटमधून खालच्या शाफ्टला करंट उतरू शकतो. म्हणून तो बाजूला ठेवलेलाच बरा.

गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, बदलतंच: गॅप वाढला की टायमिंग पुढे जातं, कमी झाला की मागे. त्यामुळे आधी गॅप, मग टायमिंग. 12 व्होल्टचा छोटा बल्ब कॉइलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या टर्मिनलला आणि अर्थला जोडा. स्विच ऑन करून इंजिन हळूहळू पुढे फिरवा. पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर येते त्याच क्षणी बल्ब पेटला पाहिजे, कारण पॉइंट तेव्हाच उघडतात. रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून डेल्को घड्याळाच्या दिशेने वळवला की टायमिंग पुढे जातं. काम झाल्यावर स्विच लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते.

एवढं करूनही गाडी पळत नसेल, तर सेटला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा. पॉइंट ज्यावर बसतात त्या बेस प्लेटची लवचीक अर्थ वायर वरून धड दिसते आणि आतून तुटलेली असते. स्विच ऑन, पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर टिकल्या किंवा ही वायर तपासा. दुसरं म्हणजे, डेल्कोचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. तो खटखट हलत असेल तर बुश गेलेत, आणि बाजारातला कुठलाही सेट लावला तरी चारही सिलिंडरला सारखा गॅप मिळणार नाही. आधी बुश बदलून घ्या.