सुरुवातीचा सीओपीडी: लागेल तेव्हाचा इन्हेलर की रोजचा?

खोकला, कफ, चढावर लागणारी धाप अशा तक्रारी आणि वर्षानुवर्षे धुराशी आलेला संबंध असलेल्या माणसाच्या स्पायरोमेट्रीत (जोराने फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या तपासणीत), श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही, पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचे एकूण हवेशी गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी भरले, की सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या दीर्घकालीन आजाराचे, निदान होते. पहिल्या सेकंदातली ही हवा अपेक्षेच्या ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर आजार सौम्य, ५० ते ७९ टक्के असेल तर मध्यम समजतात. इन्हेलर फक्त लागेल तेव्हा घ्यायचा की रोज, हा प्रश्न याच टप्प्यावर उभा राहतो. रोज विडी-सिगारेट ओढणाऱ्याने मात्र आधी ती सोडण्यासाठी मदत घ्यावी, कारण फुफ्फुसांची घसरण मंदावण्यात ती सोडण्याच्या तोडीचे औषध या तुलनेत नाही.

सालब्युटामॉलसारखे अल्पकाळ टिकणारे औषध काही मिनिटांत आराम देते आणि चार ते सहा तासांत ओसरते. ज्याला क्वचितच, तेही जास्त श्रमानंतर दम लागतो, त्याला ते पुरू शकते. त्याने कधी हात थरथरतात, छातीत धडधडते. माझ्या मते त्याचा खरा तोटा वेगळाच आहे: माणूस धाप टाळण्यासाठी हळूहळू चालणेच कमी करतो, मग दम लागत नाही, इन्हेलरही लागत नाही आणि आजार आटोक्यात असल्याचा समज होतो. म्हणून गेल्या महिन्यात इन्हेलर किती वेळा घेतला एवढेच न पाहता, कोणती कामे सोडून दिली हेही स्वतःला विचारावे.

टायोट्रोपियमसारखे दीर्घकाळ टिकणारे औषध दिवसातून एकदा घेतले की २४ तास काम करते. चीनमध्ये सौम्य आणि मध्यम आजाराच्या ८४१ रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर टायोट्रोपियम घेणाऱ्यांची पहिल्या सेकंदातली हवा नुसते दिखाऊ औषध घेणाऱ्यांपेक्षा सरासरी १५७ मिलिलिटरने अधिक होती, आणि आजार अचानक बळावण्याचे प्रसंगही कमी होते. याउलट, तक्रारी आहेत पण स्पायरोमेट्रीचे गुणोत्तर बिघडलेले नाही अशा धूम्रपान करणाऱ्यांना किंवा पूर्वी करत असलेल्यांना दोन दीर्घकालीन औषधे एकत्र देऊनही १२ आठवड्यांत तक्रारींत विशेष फरक पडला नाही, असे २०२२ च्या एका चाचणीत दिसले. म्हणजे स्पायरोमेट्री न करता रोजचे औषध सुरू करण्यात अर्थ नाही. टायोट्रोपियमने तोंड कोरडे पडते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटमुळे लघवीची अडचण असेल तर ते सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगावे.

सपाट रस्त्यावर बरोबरीच्या वयाच्या माणसांच्या मागे पडायला होत असेल, तर मी रोजच्या औषधाकडेच झुकेन. पुष्कळदा डॉक्टर अशा वेळी दोन दीर्घकालीन औषधे एकत्र देतात. अल्पकाळाचा इन्हेलर तरीही जवळ ठेवावाच. स्टेरॉइडचा इन्हेलर या टप्प्यावर सरसकट नको, कारण सीओपीडीत त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो; दम्याचाही भाग असेल, किंवा आजार वारंवार बळावत असून रक्तातल्या इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी वाढलेल्या असतील, तर गोष्ट निराळी.

औषध ठरले तरी साधन निवडायचे उरतेच. फवाऱ्याचा इन्हेलर दाबताना श्वास संथपणे आणि खोल घ्यावा लागतो. हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी, लावावा. पावडरच्या इन्हेलरला उलट जोरदार, झपाट्याने ओढलेला श्वास हवा. दोन्हींत शेवटी दहा सेकंद, किंवा जमेल तितका वेळ, श्वास रोखून धरायचा. तोंडाच्या कोपऱ्यातून औषधाचा धूर बाहेर आलेला दिसला, किंवा पावडरची कॅप्सूल उघडल्यावर तळाशी पावडर तशीच राहिलेली असली, तर औषध लागू पडत नाही असे ठरवण्याआधी तोच इन्हेलर डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवावा.