कोकोपीटची वीट चांगली आहे, पाकिटावरच्या सूचनांचं मात्र ऐकू नका

आठ महिने झाले ही कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट वापरतेय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकावं. आमच्याकडे पॅकमॅन फ्रॉग म्हणजे गोलमटोल, रुंद तोंडाचा बेडूक आहे, नाव ढब्बू, बसला की शेवाळ्याच्या गोळ्याला तोंड फुटल्यासारखा दिसतो. दिवसभर करतो काय तर मागच्या पायांनी उकरत उकरत गोल फिरून स्वतःला गाडून घेतो, वर फक्त दोन डोळे. त्यामुळे सबस्ट्रेट (त्याच्या काचेच्या टाकीत तळाला घालतात तो थर) म्हणजे त्याच्यासाठी नुसतं खाली अंथरायचं काहीतरी नाही, घर तेच, पाणी प्यायची जागा तीच आणि संडासही तोच. हे आधी डोक्यात बसलं असतं तर माझा एक महिना वाचला असता.

वस्तूबद्दल सांगते. ६५० ग्रॅमची दाबलेली वीट, कोमट पाण्यात टाकली की अर्ध्यापाऊण तासात फुगते. पाकिटावर आठ लिटर लिहिलंय, मी बादलीत मोजलं तर जेमतेम सात भरले, पण ठीक आहे, किती मोकळं करून भरता त्यावर पण असतं ते. भुसा छान बारीक आहे, वास अजिबात नाही, खत मिसळलेलं नाही (हे घेताना नक्की बघा, झाडांसाठी मिळतात त्यातल्या काही विटांत खत घातलेलं असतं, ते बेडकाला चालत नाही). मधे मधे काथ्याचे लांब धागे निघतात, ते हाताने वेचून काढायचे कारण ढब्बूसारखा प्राणी किड्यावर झडप घालताना समोरचं जे असेल ते तोंडात घेतो.

आणि धुवायचं, पाकिटावर हे कुठेच नाही! नारळाची सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात, त्यामुळे पीटमधे मीठ राहू शकतं. मी पहिल्या धुण्याचं पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) मोजलं तर आकडा नळाच्या पाण्याच्या कितीतरी वर, तिसऱ्या धुण्याला खाली आला. पाणी चहासारखं दिसतं त्याला घाबरू नका, तो नुसता रंग आहे. जुन्या कापडात बांधून पिळून घेतलं की झालं.

आता माझी फजिती. पाकिटावर लिहिलंय रोज भरपूर पाणी फवारा, ह्युमिडिटी (हवेतली आर्द्रता) ८० टक्क्यांच्या वर ठेवा. टाकीबरोबर आलेला काट्याचा मीटर मी झाकणाजवळ चिकटवला होता, तो दाखवायचा ५५, मग मी फवारायचे, तो ५८ व्हायचा, मी परत फवारायचे, असं दोन आठवडे चाललं आणि मला वाटत होतं मी किती काळजी घेते. मग एक दिवस झाकण उघडलं तर गटाराचा वास. आणि ढब्बू, जो कधी वर येत नाही, तो पाण्याच्या भांड्याच्या काठावर चढून बसलेला, पोट गुलाबी लालसर. उकरून बघितलं तर खाली दोन इंच नुसता चिखल, त्यात त्याचीच घाण मुरलेली. डॉक्टरांनी आधी रेड लेग म्हणजे बॅक्टेरियाचं इन्फेक्शन आहे का ते तपासलं, सुदैवाने तिथपर्यंत गेलं नव्हतं, पण दहा दिवस साध्या डब्यात ओल्या पेपर टॉवेलवर ठेवायला लावलं, टॉवेल रोज बदलायचा. तो सगळा वेळ त्याने माझ्याकडे पाठ करून काढला.

झालं काय होतं ते नंतर कळलं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या खालच्या भागाला मागच्या मांड्यांमधे पातळ कातडी असते तिथून ओढून घेतो. म्हणजे तो ज्यावर बसलाय त्यातलं पाणी तो पितोय, आणि त्या पाण्यात अमोनिया असेल तर तोही आत जातोय. उलट माती फार कोरडी असेल तर तीच त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेते. पॅकमॅन तर फारच कोरडं पडलं की अंगावर मेलेल्या कातडीचे थर चढवत कोषासारखं करून निपचित बसतो, जंगलात कोरडा ऋतू तो असाच काढतो, घरी मात्र लोकांना वाटतं मेला. तेव्हा हवेतला आकडा ८० आहे का ६५ याला या बेडकासाठी दुय्यम महत्त्व आहे, तो ज्यात गाडून घेतो ती जागा कशी आहे ते बघा.

आणि त्यासाठी आपल्याकडे शब्द आहे की, वाफसा! शेतात पेरणीआधी बघतात ना, मातीत ओल आहे पण चिखल नाही, हवा खेळतेय. मला अगदी तेच हवं होतं आणि मी इकडे मीटरकडे डोळे लावून बसलेले. मूठभर पीट घ्यायचं, दाबायचं, गोळा झाला पाहिजे, बोटांतून फार तर एखाद-दोन थेंब यावेत, आणि बोटाने टोकलं की गोळा फुटला पाहिजे. धार लागली तर जास्त झालं, गोळाच नाही झाला तर कमी. दर दोन-तीन दिवसांनी खालपर्यंत बोट घालून बघते, वरून दिसणाऱ्या रंगावर जायचं नाही, वरचा थर वाळून फिकट होतो आणि खाली मस्त ओल असते. पाणी आता वरून फवारतच नाही फारसं, एका कोपऱ्यातून कडेने हळूहळू ओतते, ते तळाशी जाऊन वर चढत येतं आणि पृष्ठभाग जरा कोरडा राहतो. खोली दहा सेंटीमीटर ठेवलीय, त्याला पूर्ण गाडून घेता आलं पाहिजे. पाणी साधं नळाचं नाही चालत हं, क्लोरीन काढायला लागतं. क्लोरीन उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलं की उडतं पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर नाही उडत, त्याला माशांच्या टाकीसाठी मिळतं ते औषध घाला आणि विषय संपवा.

मीटरचं पण सांगते कारण तो तर चक्क खोटारडा निघाला. घरी तपासता येतो, बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाणी घालून ओलसर लगदा करायचा, विरघळू द्यायचं नाही, मग ते आणि मीटर एका बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. आत हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझा काट्याचा मीटर दाखवत होता ६१ आणि नंतर घेतलेला डिजिटल ७३. म्हणजे मी १४ टक्क्यांच्या चुकीवर दोन आठवडे पाणी मारत होते! शिवाय दिवा लावला की हवा तापते आणि तेवढ्याच वाफेचा आकडा खाली येतो, थेंबभर पाणी कमी झालेलं नसतं, तेव्हा दुपारी आकडा पडला म्हणून लगेच बाटली उचलू नका. खरंच पडत असेल तर आधी झाकण बघा, सगळी जाळी असेल तर वाफ तिथूनच जाते, मी तीन चतुर्थांश जाळी प्लॅस्टिकने झाकली आणि पाऊण प्रॉब्लेम तिथेच संपला. पूर्ण बंद नका करू, हवा कोंडली की बुरशी. आणि हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) असेल तर टाकीच्या बाजूला लावा, खाली नको. गरम झालं की गाडून घेणारा बेडूक थंडाव्यासाठी आणखी खाली जातो आणि तिथेच मॅट.

बाकीचे पर्याय पण करून झालेत. स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) उत्तम आहे, वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतो, मी एका कोपऱ्यात ठेवते, पण सगळीकडे नको कारण घास घेताना तोंडभर मॉस जातो (म्हणून आता चिमट्यानेच भरवते). खडे तर नकोच, गिळले तर आतड्यात अडकतात. पाइन किंवा सीडरचा लाकडी भुसा पण नाही, त्यातल्या तेलांचा त्रास होतो. फॉगर (धुकं सोडणारं यंत्र) घेतला होता, दिसायला झकास, पण रोज कोण धुणार तो, आणि न धुता वापरला तर घाणच हवेत उडवतो.

सगळ्यांनी ही वीट घ्यावी असं मात्र मी म्हणणार नाही. व्हाइट्स ट्री फ्रॉग (झाडावर राहणारा बेडूक) असेल तर ५०-६० टक्क्यांत तो खूश असतो, त्याला थोडीशी पुरेल आणि तीही कोरडसरच. डार्ट फ्रॉगवाल्यांनी (छोटे, भडक रंगाचे बेडूक पाळणाऱ्यांनी) नुसतं कोकोपीट अजिबात घालू नये, त्यांना ८० च्या वरची ओल सतत लागते आणि त्या ओलीत पीट काही महिन्यांत बसतं, चिकट गोळा होतो, टाकीतल्या झाडांची मुळं कुजतात. त्यांच्यासाठी एबीजी मिक्स बघा, अटलांटा बोटॅनिकल गार्डनवरून नाव पडलंय, त्यात ट्री फर्नचे तंतू, ऑर्किडची साल, कोळसा, पीट मॉस आणि स्फॅग्नम असतं, आणि खाली भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा निचऱ्याचा थर.

पाकिटावर म्हणतात तीन महिने टिकतं. पीट टिकेल हो, बेडूक नाही टिकायचा. दिसेल ती घाण मी रोज चमच्याने काढते आणि चार ते सहा आठवड्यांनी सगळं बदलते, वास आला तर त्याच दिवशी. सुरुवातीला पांढरी बुरशी येते थोडी, त्यासाठी स्प्रिंगटेल सोडलेत, मोहरीपेक्षा लहान किडे, बुरशी खाऊन टाकतात आणि बेडकाला काही करत नाहीत.

वीटेला पाचपैकी चार, एक धाग्यांसाठी कापला, तिसऱ्या विटेत तर दोरी वळता येईल इतके निघाले. पाकिटावरच्या सूचनांना शून्य. आणखी दोन मागवून ठेवल्यात, ढब्बू सध्या पूर्ण आत आहे, डाव्या डोळ्यावर जरा पीट चिकटलंय, काढायला गेले तर चावतो.