ब्रेक बदलायचेत: मेकॅनिक घरी बोलवायचा की गाडी गॅरेजला न्यायची?

गाडी चालताना पुढच्या चाकातून बारीक, कानात घुसणारी शीळ येऊ लागली की बहुतेक वेळा ब्रेकचे पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून घट्ट धरणारे) संपत आलेले असतात. कित्येक पॅडना एक छोटी पोलादी पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड ठराविक मर्यादेपर्यंत झिजला की ती डिस्कला टेकते आणि ओरडते. काही गाड्यांत पट्टीऐवजी वायर असते, तिथे डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग दोन मार्ग उरतात: मेकॅनिकला फोन करून पार्किंगमध्येच बोलवायचं, किंवा गाडी गॅरेजमध्ये नेऊन सोडायची.

दोन्ही मी करून बघितलंय, आणि दोन्हीकडे चांगलं-वाईट काम पाहिलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. घर की गॅरेज हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की या कामात पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारी ब्रेक ऑइलची लाइन उघडावी लागणार आहे का? लागणार नसेल तर घरी केलेलं काम गॅरेजच्या तोडीस तोड होतं, कधीकधी सरसही. लागणार असेल तर मी गाडी गॅरेजला देतो.

काम नेमकं कोणतं आहे

डिस्क ब्रेकचे पॅड बदलणं म्हणजे चाक काढायचं, बोल्ट सोडवून कॅलिपर (पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा) बाजूला घ्यायचा, त्यातला पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलायचा, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना साफ करून ग्रीस लावायचं आणि नवे पॅड बसवायचे. डिस्कही बदलायची असेल तर ब्रॅकेटचे आणखी दोन बोल्ट. यात ऑइलचा थेंबही बाहेर यायचं कारण नाही. हात बसलेला माणूस पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड तास-दीड तासात उरकतो. (दोन्ही, कारण पॅड जोडीनेच बदलतात. एका चाकाला नवे आणि दुसऱ्याला जुने ठेवले तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू शकते.) जॅक, स्टँड आणि एका पेटीत मावतील एवढे पाने, इतक्यावर हे काम भागतं.

होजला, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीला, चिरा गेल्यात, कॅलिपर किंवा ड्रममधला व्हील सिलिंडर गळतोय, पेडलकडचा मास्टर सिलिंडर गेलाय, अशी कामं मात्र वेगळी. लाइन उघडली की आत हवा शिरते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पेडल स्पंजसारखं मऊ लागतं आणि ब्रेक उशिरा धरतो. ती हवा चाकाचाकाला ब्लीडिंग करून, म्हणजे ऑइलबरोबर बाहेर सोडून, काढावी लागते, आणि एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये अडकली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून आतला पंप चालवल्याशिवाय निघत नाही. शिवाय सांडलेलं ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. हे काम घरी होतच नाही असं नाही, पण एखादा जुना पाइप नटासकट पिळवटून तुटला तर पार्किंगमध्ये त्यावर उपाय नसतो.

या दोन टोकांच्या मध्येही काही कामं येतात. मागे डिस्कऐवजी ड्रम असतील तर शू (ड्रमला आतून घासणारे, पॅडसारखे भाग) घरी बदलता येतात, पण गंजाने हबला घट्ट धरलेला ड्रम काढताना मेकॅनिकचा घाम निघतो. जाणता माणूस एका वेळी एकाच बाजूचा ड्रम उघडतो. स्प्रिंगा कशा होत्या हे विसरलं तर दुसरी बाजू नमुन्याला शाबूत असते. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाड्यांत मागचे पॅड बदलायच्या आधी हँडब्रेकची मोटर सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. तसं न करता पिस्टन जबरदस्तीने मागे दाबला तर त्यातले गिअर तुटू शकतात. काही हायब्रिड गाड्यांत तर दार उघडताच ब्रेकची यंत्रणा स्वतःहून दाब तयार करते, आणि त्या वेळी कॅलिपर उघडा असला तर पिस्टन बाहेर येऊ शकतो. अशा गाडीसाठी येणाऱ्या मेकॅनिककडे तिला चालणारा स्कॅनर आहे का हे फोनवरच विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर गॅरेज गाठा.

डोळ्यांसमोरचं काम

घरी काम करून घ्यायचा खरा फायदा लोक वेळ वाचणं हा समजतात. वेळ वाचतोच. पण मला त्याहून मोठा वाटतो तो जुना माल हातात येण्याचा फायदा.

माझ्या गाडीचे पुढचे पॅड एकदा एका गॅरेजात बदलले होते. अपेक्षेपेक्षा फारच लवकर पुन्हा शीळ सुरू झाली. या खेपेला मेकॅनिक घरी बोलावला. त्याने उजव्या चाकाचे दोन पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवले. बाहेरचा अजून निम्मा शिल्लक होता, आतला जवळजवळ पत्र्यापर्यंत गेलेला. पॅडमध्ये दोष नव्हता, कॅलिपरची पिन गंजून अडकली होती. त्यामुळे कॅलिपर सरकत नव्हता आणि सगळा भार आतल्या पॅडवर येत होता. मागच्या वेळी पॅड बदलले गेले, पिनांना कुणी हातच लावला नव्हता. बिलावर मात्र ‘ब्रेक सर्व्हिस’ असं ठळक लिहिलेलं होतं.

गॅरेजमध्ये हे कळायचा मार्ग नव्हता, कारण मी काउंटरसमोरच्या खुर्चीत बसलो होतो. गॅरेजला गाडी देणार असाल तर जुने पॅड परत द्या, असं गाडी देताना भरतात त्या जॉब कार्डावरच लिहून घ्या. हातात आले की चार गोष्टी बघा: आतला-बाहेरचा सारखे झिजलेत का, एकाच पॅडची एक कड जास्त गेलीय का, पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय का, भेगा आहेत का. नव्या पॅडचं घासणारं अस्तर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं, आणि ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायची वेळ झाली असं मानतात. काढलेले पॅड ६ मिलिमीटर भरले तर ‘संपले होते’ हे सांगणं खोटं.

डिस्कचंही तसंच. किमान किती जाडी राहिली पाहिजे हा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला किंवा छापलेला असतो. मेकॅनिक मायक्रोमीटर काढून मोजतो की बोट फिरवून ‘साहेब, डिस्क गेली’ म्हणतो, यावरून त्याची पारख होते. घरी तुम्ही ते बघू शकता. मात्र बघणं वेगळं आणि डोक्यावर उभं राहून गप्पा मारणं वेगळं. चाकाचे नट आवळत असताना तरी माणसाला बोलण्यात गुंतवू नका.

गॅरेज जिथे पुढे आहे

लिफ्टवर चढलेली गाडी खालून अख्खी दिसते. ब्रेकचे पाइप, होज, सस्पेन्शनची बुशं, शॉकअ‍ॅब्जॉर्बरची गळती, सगळं उभ्या उभ्या तपासता येतं. पार्किंगमध्ये गाडीचं एक टोक फूटभर उचललेलं असतं आणि मेकॅनिक टॉर्च घेऊन वाकून बघतो. म्हणून बिघाड नक्की काय आहे हेच माहीत नसेल, म्हणजे नुसतंच ‘ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं’ किंवा ‘पेडल कधी खाली जातं कधी नाही’, तर निदानासाठी गॅरेज बरं. थरथर पुष्कळदा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी न राहिल्यामुळे येते, पण ढिल्या जॉइंटमुळेही येऊ शकते. नवे पॅड टाकून ती जाईलच असं नाही.

दुसरं, लेथ, म्हणजे धातू फिरवून घासायचं यंत्र. डिस्क जाड असेल पण पृष्ठभाग बिघडला असेल तर लेथवर हलकी घासून घेता येते. घरी येणारा मेकॅनिक सहसा लेथ घेऊन येत नाही, त्याच्या हाती नवी डिस्क बसवणं हाच पर्याय असतो.

तिसरं म्हणजे अडकलेलं काम सोडवायची ताकद. बोल्टचे आटे गेले, गंजलेली पिन तुटली, मागवलेले पॅड भलत्याच मापाचे निघाले. गॅरेजात दुसरा माणूस आणि दुसरं हत्यार असतं, आणि सुटा भाग आणायला कुणीतरी धावतं. माझ्या पार्किंगमध्ये एकदा चुकीचे पॅड आले आणि गाडी रात्रभर एक चाक काढलेल्या अवस्थेत स्टँडवर उभी राहिली. नाव तेच, मॉडेल तेच, पण वर्षागणिक डिस्कचा आकार वेगळा. तेव्हापासून मी आधीच चासी नंबर पाठवतो आणि पॅड आणलेत याची खात्री होईपर्यंत चाक काढू देत नाही.

जागा, पाऊस आणि उजेड

जागा सपाट आणि टणक हवी. उतार, माती, हलणाऱ्या फरशा किंवा उन्हात मऊ झालेलं डांबर असेल तर घरचा विचार सोडा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करणाऱ्याला तिथेच थांबवा. स्टँड लागलेच पाहिजेत. मागच्या ब्रेकचं काम असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले हवेत. पाऊस असेल आणि वर छप्पर नसेल तर काम पुढे ढकला. इमारतीच्या पार्किंगमध्ये अशी कामं चालतात का, हे आधी विचारून ठेवा.

चालवत न्यायची की नाही

हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. नुसती शीळ येत असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. पण ‘खर्रर्र’ असा लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज येत असेल तर पॅड संपलेत आणि पत्रा डिस्क खातोय. अशी गाडी रस्त्यावर काढण्यापेक्षा मेकॅनिकलाच बोलावणं शहाणपणाचं, पॅडबरोबर डिस्कही लागेल हे धरून. पेडल दाबल्यावर तळाला जात असेल किंवा चाकामागे ओल दिसत असेल तर मात्र लाइनचं काम निघणार. तेव्हा गाडी टो करूनच गॅरेजला पाठवा.

पैसे आणि हमी

घरी येणाऱ्याला जागेचं भाडं नसतं, पण येण्या-जाण्याचा खर्च असतो आणि तो कुठेतरी धरलेलाच असतो. तेव्हा दोन आकडे समोरासमोर ठेवण्याआधी त्यांत काय काय आहे ते लिहून घ्या. पॅड कोणत्या कंपनीचे, क्लिपा नव्या का, पिनांची साफसफाई आहे का, डिस्क आहे का. स्वस्त आकडा पुष्कळदा अर्ध्या कामाचा असतो. गॅरेजच्या आकड्यात तुमचा अर्धा दिवस आणि परतीचा प्रवासही मिळवा. सुटे भाग तुम्ही आणून दिलेत तर बहुतेक जण फक्त मजुरीची हमी देतात, मालाची नाही. ते रास्तच आहे.

तक्रार असेल तर गॅरेजचं शटर जागेवर असतं. फिरत्या मेकॅनिकचा फक्त फोन नंबर. म्हणून बिल लागतंच, त्यावर पॅडचा पार्ट नंबर, गाडीचं किलोमीटर आणि हमीची मुदत. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर ते बिल जपून ठेवा. काम करताना गाडीचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, विमा आहे का, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तरी विचारा.

ऑइलबद्दल थोडं

पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलची पातळी आपोआप थोडी खाली येते. ती पाहून कुणी वरून भर घातली असेल, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे जातो आणि ऑइल डब्यातून ओसंडतं. मेकॅनिकने आधी झाकण उघडून पातळी बघितली तर माणूस जाणकार आहे असं समजा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर मानकानुसार ही किमान मर्यादा १५५ पर्यंत उतरते. अनेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. घरीही बदलता येतं, पण मी तेवढं गॅरेजमध्ये करून घेतो.

काम झाल्यावर

इथे दोन्हीकडे नियम एकच. गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करायचं. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिली दाब रिकामी जाते. ती पार्किंगच्या भिंतीसमोर गेलेली नको. मग मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी. पहिले काही शे किलोमीटर विनाकारण करकचून ब्रेक मारायचा नाही, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसतात.

राहिले चाकाचे नट. ते टॉर्क पान्यानेच (ठरवलेल्या जोराने आवळता येतं तो पाना) आवळलेले हवेत. बऱ्याच कारना ९० ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यानचा आकडा असतो, तुमच्या गाडीचा नेमका पुस्तिकेत सापडेल. ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे असतात. गॅरेजवाला ‘येऊन जा’ म्हणतो, दोन मिनिटांत होतं. घरी आलेला मेकॅनिक त्यासाठी परत येणार नाही, म्हणून तो आकडा त्याच्याकडून बिलाच्या मागे लिहून घ्या आणि शेजाऱ्याकडे टॉर्क पाना आहे का बघा.