एचएक्स स्टॉम्प की एमई-८०? मंडळाच्या स्टेजवरून

मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, आणि गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणारे पायाखालचे दोन मल्टी-इफेक्ट माझ्याकडे आहेत. बॉसचा एमई-८० मी सात वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतला. लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प दोन गणपतींपूर्वी, नवा कोरा. एका स्टॉम्पच्या पैशांत जवळपास दोन एमई आले असते, हे घरी अजून सांगितलेलं नाही.

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मंडळाचा स्टेज, लग्नसराईत हळद, कधीमधी दीनानाथसारखं नाट्यगृह. तासाभरात भावगीताला मऊ कोरस (एका गिटारच्या दोन-तीन वाटाव्यात असा इफेक्ट), कोळीगीताला खणखणीत क्लीन (न फाटलेला आवाज) आणि जुन्या हिंदी गाण्याला वा-वा (पेडल हलवलं की ‘वाऽवा’ बोलणारा इफेक्ट), एवढं सगळं लागतं. रिहर्सलच्या खोलीत रोलँडचा जेसी-१२०, म्हणजे ‘जॅझ कोरस’ हा गिटार अँप आहे, पण तो अठ्ठावीस किलोचा धोंडा मंडळाच्या स्टेजवर कोण चढवणार? म्हणून थेट मिक्सरमध्ये जायचं.

आणि तिथे स्टॉम्प बाजी मारतो. गिटार अँपचा स्पीकर वरची किरकिर स्वतःच गिळतो. पीएचा, म्हणजे स्टेजवरच्या साउंड सिस्टिमचा स्पीकर गिळत नाही, जे येईल ते ओकतो. एमई-८०वर डिस्टॉर्शन (फाटका आवाज) मारलं की माझ्या कानाला डब्यात कोंडलेला भुंगा ऐकू येतो. स्टॉम्पमध्ये कॅबिनेटचं (अँपच्या स्पीकर-पेटीचं) मॉडेल किंवा स्वतःचा आयआर (खऱ्या स्पीकरच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल) टाकला की तीच गिटार भरीव वाटते. त्यातला ‘जॅझ रिव्हेट १२०’ म्हणजे कोण ते नावावरूनच ओळखा. भावगीताला मी तोच लावतो. पहिल्या दिवशी आमच्या कीबोर्डवाल्याने मान वळवून पाहिलं होतं, एरवी तो माझ्याकडे फक्त मी चुकलो की बघतो.

वजनाचंही तेच. स्टॉम्प सव्वा किलोच्या आसपास, डब्याच्या पिशवीत मावतो. एमई-८० साडेतीन किलोच्या वर. खांद्याला गिटार, हातात तो, आणि संध्याकाळी सातचा दादरचा पूल. पुढचं लिहीत नाही.

मग एमई-८० विकला का नाही? गेल्या गणपतीत एका मंडळाची लाइन गेली आणि जनरेटर चालू झाला. डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा खंड. मिक्सर परत आला, माइक आले, ढोलकी तर थांबलीच नव्हती. माझा स्टॉम्प मात्र नव्याने सुरू होत बसला. स्क्रीनवर नाव, मग काहीतरी लोड होतंय, आणि तोवर माझा अख्खा पीस कीबोर्डवाल्याने वाजवून टाकला. एमई-८०मध्ये सहा पेन्सिल सेल घातले की त्याला जनरेटरशी काही देणंघेणं नाही. अडॅप्टरच नसल्यामुळे अर्थिंग नसलेल्या स्टेजवर घूंऽऽसुद्धा कमी येते.

शिवाय बटणं. स्टॉम्पला पायाची बटणं तीनच. स्नॅपशॉट (एकाच प्रीसेटमधल्या वेगवेगळ्या मांडण्या) लावून ठेवले तर गाण्याच्या मध्ये आवाज न तुटता बदलता येतो, प्रीसेट (साठवलेली अख्खी इफेक्टची मांडणी) बदलला तर मात्र बारीकसा खड्डा पडतो. वा-वासाठी पेडल वेगळं घ्यावं लागतं, म्हणजे वाचवलेलं वजन परत आलंच. एमई-८०मध्ये पेडल अंगचंच आहे आणि प्रत्येक इफेक्टला खरेखुरे नॉब. डिलेच्या (प्रतिध्वनीच्या) वेळेच्या नॉबवर मी बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. गायिकेने ऐन वेळी लय चढवली की ढोलकीच्या उठानात खाली वाकायचं आणि अंगठ्याने ठिपका डावीकडे सारायचा. चष्मा लागत नाही. हेच स्टॉम्पच्या चिमुकल्या स्क्रीनवर अंधारात करून दाखवा.

दोघांनाही एक्सएलआर (माइकच्या केबलसारखं तीन पिनांचं सॉकेट) नाही, साधा जॅक. तेव्हा डीआय बॉक्स, म्हणजे जॅकचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी, आपला आपण न्या. साउंडवाल्याकडे मागितला की तो ‘बघतो’ म्हणतो आणि चहा पाठवतो.

नाट्यगृहात बसून वाजवायचं असेल, रेकॉर्डिंगही करत असाल, तर स्टॉम्प बिनधास्त घ्या. २०१८चा असला तरी आवाजात अजून कुठे कमी वाटत नाही. गल्लीतल्या स्टेजसाठी २०१४चा एमई-८० सेकंडहँड शोधा; २०२३मध्ये एमई-९० आल्यापासून बरेच जण जुना काढतायत. माझा मागायला दोघे येऊन गेले. तो मिळणार नाही.