‘गो’चं ‘गोड’ का नाही? एटिमऑनलाइन वापरून पाहिलं

सातवीला भूतकाळ शिकवत होते. प्लेचं प्लेड, वॉकचं वॉक्ड, फळा भरत आला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, मग गोचं गोड!” वर्ग खिदळला. मीही हसले, पण ‘वेन्ट’ आलं कुठून, ते मलाच सांगता येईना. “पाठ करा,” म्हणून सुटका करून घेतली. वीस वर्षं हेच करत आलेय.

घरी येऊन आधी फोनमधलं शब्दकोशाचं ॲप उघडलं (नाव घेत नाही). ‘वेन्ट’ म्हणजे ‘गेला’, आणि खाली दोन जाहिराती. एक बंद करायला गेले तर रमीच उघडली.

मग एटिमऑनलाइन. शब्दांची कुळकथा सांगणारी ही साइट डग्लस हार्पर या अमेरिकी गृहस्थांनी उभी केली. वाचायला पैसे पडत नाहीत. ‘गो’ची नोंद उघडली आणि चहा गार झाला. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘गान’, आणि त्याचा भूतकाळ ‘एओडे’! पंधराव्या शतकाच्या सुमारास एओडे मागे पडलं आणि ‘वेन्ट’ त्या जागी येऊन बसलं. ते मुळात ‘वेंड’चं. वेंड म्हणजे वळणं, वाट धरणं. सेंडचं सेन्ट, बेंडचं बेन्ट, तसं वेंडचं वेन्ट. उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात मात्र लोकांनी गोवरूनच ‘गेड’ केलं. म्हणजे आमचा मागचा बाक तिकडे जवळजवळ पास.

आणि आपण तरी काय करतो? जातो, पण गेला. ‘जा’ आलं संस्कृत ‘या’वरून, ‘गेला’ आलं ‘गत’वरून. ‘जाला’ का नाही, असं आजवर एका पोरानं विचारलेलं नाही. मलाही कधी सुचलं नाही. शिवाय ‘गो’ आणि संस्कृतातला ‘गम्’ (‘गत’चा मूळ धातू) सख्खे भाऊ, अशी माझी पक्की समजूत होती. ‘कम’ची नोंद उघडली तर गम् तिथे! आपला ‘गेला’ त्यांच्या ‘ये’चा नातेवाईक निघाला.

रोजचा वापर शिकायला मात्र साधा शब्दकोशच बरा. अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो आणि लाइट ‘गोज ऑफ’ म्हणजे जाते, असली भानगड इथे सोडवायला बसू नये. मजकूर सगळा इंग्रजीत, त्यात ‘पीआयई’सारखी (प्रोटो-इंडो-युरोपियन, म्हणजे इंग्रजी-संस्कृतची मानलेली आदिभाषा) संक्षिप्त रूपं. सातवीच्या हातात थेट देऊ नका, आधी स्वतः वाचा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळं सांगितलं. मागचा बाक म्हणाला, “मग पेपरात गेड लिहू, बाई?”

“वेन्टच लिही,” म्हटलं.