हाइट एनओसीचा सर्व्हेअर: समजावणं उत्तम, फोन उचलणं वाईट

आमची सोसायटी अंधेरी पश्चिमेला, जुहू एअरपोर्टच्या शेजारात. इथे रिडेव्हलपमेंट म्हटलं की कार्पेट एरियाच्या आधी ‘हाइट किती मिळेल’ यावरून भांडणं होतात. बिल्डरने अठरा मजल्यांचं चित्र दाखवलं, म्हणून सही करण्याआधी कमिटीने हाइट एनओसीसाठी, म्हणजे विमानतळाजवळ किती उंच बांधता येईल याच्या ना-हरकत पत्रासाठी, स्वतःच्या खर्चाने सर्व्हेअर नेमला. नाव देत नाही, कारण पुढे थोडं वाईटही लिहायचंय.

आधी चांगलं. आवारात उपकरण लावून अक्षांश-रेखांश घेतले आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची काढली. मग सभेत फळ्यावर समजावलं. विमानतळ प्राधिकरण परवानगी देतं ती समुद्रसपाटीपासून. समजा ५० मीटर मिळाले आणि आपलं आवार ४ मीटरवर आहे, तर हातात उरले ४६. पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम, वर लावलेला अँटेना, सगळं त्या ४६ मध्येच. बिल्डरच्या चित्रात टाकी मोजलेलीच नव्हती! कुठे किती उंची चालेल ते रंगांनी दाखवणाऱ्या ‘कलर कोडेड’ नकाशात आपण कुठल्या रंगात येतो हेही त्यानेच दाखवलं. सभेत इतकी शांतता मी पहिल्यांदाच अनुभवली.

तरी एक काका उठलेच. ‘विमानं उतरत नाहीत, मग ही धावपट्टी हवी कशाला? हलवा की.’ सर्व्हेअर चिडला नाही. बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर जाणारी हेलिकॉप्टरं इथूनच उडतात, आणि एअरपोर्ट १९२८ पासून इथे आहे, आपल्या बिल्डिंगा नंतरच्या, एवढंच म्हणाला. १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान सांताक्रूझचा विमानतळ समजून चुकून जुहूला उतरलं आणि धावपट्टीच्या पुढे गेलं, तो किस्साही सांगितला. मला विचाराल तर काकांचं दुखणं खोटं नाही. गळक्या छताखाली राहणाऱ्याला १९२८ ऐकवून काय उपयोग? पण राग बिल्डरवर काढायचा तो धावपट्टीवर निघत होता.

आता तक्रार. ॲडव्हान्स मिळाल्यावर साहेब फोन उचलेनात. रिपोर्ट ठरल्यापेक्षा बराच उशिरा आला, आणि बिलात ‘ऑनलाइन अर्जाची मदत’ अशी वेगळी ओळ निघाली. कोटेशनमध्ये ती नव्हती. घासाघीस करून अर्धी माफ झाली.

पाचपैकी साडेतीन. नेमायचाच असेल तर अर्ज भरणं आणि त्रुटी निघाल्यास पुन्हा मोजणं, दोन्ही कोटेशनमध्ये लिहून घ्या. शेवटचा हप्ता रिपोर्ट हातात आल्यावरच द्या.