विमानाचं अंतर-वेळ सांगणारी वेबसाइट: अंतर बरोबर, वेळेवर विसंबू नका

दोन एअरपोर्टची नावं टाकली की हवाई अंतर आणि फ्लाइट टाइम दाखवणारी एक फुकट वेबसाइट वापरली. नाव लिहीत नाही. 5 पैकी 3 स्टार.

आम्ही ठाण्याचे, घोडबंदर रोडला राहतो. डिसेंबरमध्ये आईला घेऊन ताईकडे दुबईला गेले. आईचं इन्सुलिन चालू आहे, डॉक्टरांनी दर तीन तासांनी काहीतरी खायला सांगितलंय. तिकिटावर निघायची वेळ 6.30 आणि पोचायची 8.20, ते बघून मी गोंधळले कारण दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे हे डोक्यातच आलं नाही, म्हणून ही साइट उघडली. तिथे मुंबई-दुबई साधारण 1930 किमी, वेळ 2 तास 45 मिनिटं. म्हटलं बरंय, विमानात बसताना खायला देऊ, उतरल्यावर ताईकडे गरम जेवण.

अंतर बरोबरच आहे. पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यात जवळच्या वाटेने मोजतात. लेकाला समजावलं तेव्हा पृथ्वीच्या गोळ्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला, तो पार वर उत्तरेकडून गेला, आणि साइटच्या नकाशावर रेघ तशीच वाकडी होती. खूप आवडलं त्याला. नवी मुंबई एअरपोर्ट टाकलं तर दुबईच्या अंतरात जेमतेम वीस-पंचवीस किमीचा फरक पडतो, आपल्याला जो काय फरक पडतो तो रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा.

वेळेचं मात्र नुसतं अंतर भागिले स्पीड असं गणित दिसतंय. जाताना आणि येताना एकच आकडा दाखवतात तिथेच कळतं! थंडीत वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात, म्हणजे दुबईला जाताना समोरून आणि येताना पाठीमागून. शिवाय मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानं लाइनीत उभी राहतात. आमचं तर दरवाजे बंद झाल्यावर जवळजवळ चाळीस मिनिटं जागेवरच.

उतरायला अजून बराच वेळ होता आणि आई म्हणाली, "अगं, मला कसंतरी होतंय." हात धरला तर गार आणि घामाने ओला. बोटं थरथरत होती तिची. तिच्या पर्समध्ये स्टीलच्या डबीत राजगिऱ्याचे दोन लाडू होते, एअर होस्टेसने लगेच ज्यूस आणून दिला, पंधरा-वीस मिनिटांनी आई नीट बोलायला लागली. ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही.

तर वेळ तिकिटावरूनच काढा. दुबईला जाताना दीड तास मिळवायचा, येताना वजा करायचा. 6.30 ते 8.20 म्हणजे खरे 3 तास 20 मिनिटं, आणि यात गेटपासून गेटपर्यंतचं सगळं धरलेलं असतं. त्यावरही तासभर जास्त धरा, घरात शुगरवालं कुणी असेल तर नक्कीच. साइटवाल्यांनी निदान "हा फक्त हवेतला अंदाज आहे" एवढं मोठ्या अक्षरात लिहावं.

येताना तिकिटावर 7.30 ते 12.05 होतं, म्हणजे 3 तास 5 मिनिटं. ताईने पोळी-भाजीचा डबा दिला होता, तो वर न ठेवता मांडीवरच घेऊन बसले, आणि दोन तास झाल्यावर आईला खायला लावलं.